निर्घृण खुनात घृणा कुठं असते? एका शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘घृणा’ म्हणजे नेमकं काय?

आजच्या मराठीत घृणा म्हणजे एखादा माणूस किंवा वस्तू समोर आली की आतून आक्रसायला लावणारी, तोंड फिरवायला लावणारी तीव्र नावड. साध्या नावडीला कोणी घृणा म्हणत नाही. कारलं आवडत नाही, ही नावड. कारल्याची घृणा वाटते असं सांगणारा माणूस बहुधा मालिकांचे संवाद लिहीत असावा.

शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तत्सम आहे, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. घरात तो फारसा येत नाही. रस्त्यावरचं काहीतरी उचलणाऱ्या पोराला आई ‘टाक ते, मला घृणा येते’ असं म्हणत नाही. ती ‘शी!’ म्हणते, फार तर ‘ई, किळस येते बाई’. घृणा हा अग्रलेखातला, भाषणातला आणि गुन्ह्याच्या बातमीतला शब्द आहे.

मग ‘निर्घृण खून’ म्हणजे घृणा नसलेला खून का?

हाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी एका शिकाऊ उपसंपादक मुलीनं विचारला होता. रात्रपाळी होती, जिल्ह्याची पानं सोडायची घाई होती. तिच्यासमोरच्या बातमीत वर मथळा होता ‘निर्घृण हत्या’ आणि खाली एका पुढाऱ्याची प्रतिक्रिया होती, ‘हे कृत्य घृणास्पद आहे’. ती म्हणाली, “सर, निर् म्हणजे नसलेला ना? निर्धन, निर्दोष, निर्भय. मग वर ही हत्या घृणा नसलेली आणि खाली तीच घृणास्पद कशी? यातलं एक काहीतरी कापायला हवं.”

कापायचं काहीच नव्हतं. ‘निर्घृण’मधली घृणा म्हणजे दया. निर्घृण म्हणजे निर्दय, काळजाला पाझर न फुटणारा. ‘घृणास्पद’मधली घृणा म्हणजे किळस. शब्द एकच, पण दोन टोकांचे दोन अर्थ त्यात आहेत आणि मराठीनं ते दोन्ही सांभाळले. नवा अर्थ सुट्या ‘घृणा’त राहिला, जुना ‘निर्घृण’ या एका डबीत बंद झाला. ही डबी वर्तमानपत्रं रोज उघडतात, पण आत काय आहे हे कोणी हुंगून बघत नाही.

त्या मुलीनं तेव्हा माझ्याकडं ‘हा माणूस काहीही सांगतो’ अशा नजरेनं पाहिलं होतं. पुढची बरीच उत्तरं खरं तर तिला द्यायची राहिलेली आहेत.

घृणा म्हणजे दया, याला पुरावा काय?

भरपूर आहे. सगळ्यात हाताशी असलेला पुरावा अमरकोशाचा, म्हणजे अमरसिंहानं श्लोकांत रचलेल्या संस्कृत शब्दकोशाचा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतली मुलं शाळेत जे पाठ करत होती, त्यात करुणेचे समानार्थी शब्द असे येतात: ‘कारुण्यं करुणा घृणा, कृपा दयानुकम्पा स्यादनुक्रोशोऽपि’. करुणा आणि कृपा यांच्या मधोमध घृणा बसलेली आहे. एका शब्दाचे अनेक अर्थ देणाऱ्या भागात अमरसिंह पुन्हा तिची नोंद घेतो: ‘जुगुप्साकरुणे घृणे’. म्हणजे घृणेचे अर्थ दोन, जुगुप्सा आणि करुणा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच ही दुहेरी नोंद झालेली होती.

मला मात्र कोशापेक्षा शकुंतलेचं पत्र जास्त आवडतं. कालिदासाच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात ती आजारी पडल्यासारखी लवंडलेली आहे. मैत्रिणी म्हणतात, राजाला पत्र लिही. लिहायला साधन नाही, म्हणून पोपटाच्या पोटासारख्या मऊ कमळाच्या पानावर नखांनी अक्षरं कोरायची ठरतं. ती प्राकृतात लिहिते, कारण नाटकातल्या बायका प्राकृत बोलतात. त्यात ती दुष्यंताला हाक मारते ‘णिग्घिण’. संस्कृत रूप निर्घृण. तुझ्या मनाचं मला कळत नाही, पण हे निर्दया, माझी गात्रं मात्र मदन दिवसरात्र तापवतो आहे, असा भाव. प्रेमात पडलेल्या मुलीनं लाडानं आणि तक्रारीनं वापरलेला हा शब्द आज आपण कोयत्याच्या बातमीला लावतो.

कालिदासाच्याच ‘रघुवंश’ या महाकाव्यात दशरथाच्या हातून श्रावणबाळ मारला जातो, तेव्हा त्या आंधळ्या आईबापांसमोर उभा राहून तो स्वतःला ‘गतघृण’ म्हणतो. ज्याची घृणा निघून गेली असा. इथंही घृणा म्हणजे दयाच.

मग दयेची किळस झाली कशी? हे उलटं नाही का?

वाटतं तितकं उलटं नाही. याच रघुवंशाच्या अकराव्या सर्गात एक जागा आहे, तिथं हे वळण जवळजवळ डोळ्यांनी दिसतं. विश्वामित्राबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांवर ताटका चालून येते. एक हात उगारलेला, कमरेला माणसांच्या आतड्यांची मेखला. पण ती बाई आहे, आणि बाईला मारायचं कसं, म्हणून राम थबकलेला आहे. कालिदास लिहितो: ‘तां विलोक्य वनितावधे घृणां पत्रिणा सह मुमोच राघवः’. तिला पाहून राघवानं स्त्रीवधाबद्दलची घृणा बाणाबरोबरच सोडून दिली.

आता इथं घृणेचा अर्थ काय घ्याल? बाईला मारायची दया येत होती, ती सोडली? की बाईला मारण्याच्या कल्पनेचीच शिसारी येत होती, ती सोडली? दोन्ही अर्थ चपखल बसतात. रामाच्या पोटात जे काही झालं ते एकच होतं. ताटकेकडून पाहिलं तर ती दया, त्या कृत्याकडून पाहिलं तर ती जुगुप्सा.

मला पटणारं स्पष्टीकरण हेच आहे. ज्याचं मन हळवं, त्याला दुसऱ्याचं दुःख पाहवत नाही. पण हळव्या माणसाला रक्तही पाहवत नाही, घाणही पाहवत नाही. ‘पाहवत नाही’ हा आपला रोजचा मराठी शब्दप्रयोगच दोन्ही बाजूंनी चालतो. अपघातात सापडलेल्या पोराचे हाल पाहवत नाहीत, आणि तुंबलेलं गटारही पाहवत नाही. घृणा हा त्या ‘पाहवत नाही’चा शब्द होता. पुढं त्यातली माया गळाली आणि मुरडलेलं नाक तेवढं उरलं.

हा किळसेचा अर्थ अगदी कालपरवाचाही नव्हे. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाच्या नैषधीयचरितात दमयंतीच्या बोलण्यापुढं कोकिळेच्या सुरातली गोडी जाते आणि वीणेच्या झंकाराबद्दल चक्क ‘घृणा’ उत्पन्न होते. वामन शिवराम आपटे यांच्या १८९०च्या संस्कृत कोशात दया हा अर्थ पहिला, रघुवंशातल्या ताटकेच्या ओळीसह, आणि किळस-तिरस्कार हा दुसरा, नैषधातल्या या वीणेच्या ओळीसह दिलेला आहे. क्रम बघा. मराठी माणसाला आज विचारलं तर पहिला अर्थ त्याच्या यादीतही नसेल.

शब्दाचं मूळ कोणतं?

ऊन. ऋग्वेदात ‘घृण’ म्हणजे उष्णता, उन्हाची धग. ‘घृणि’ म्हणजे तळपणारा, किरण. ज्यांच्या घरी सूर्याला अर्घ्य देताना ‘ॐ घृणि सूर्याय नमः’ म्हणतात, त्यांनी हा शब्द शेकडो वेळा उच्चारला असेल. तिथं कोणी सूर्याची किळस करत नसतं.

याच कुळातला ‘घर्म’, म्हणजे उष्णता. त्याचं प्राकृतात ‘घम्म’ झालं आणि मराठीत ‘घाम’. उकाड्यापासून उकाड्यानं जे येतं तिथपर्यंत अर्थ सरकला. लांबचे नातेवाईकही आहेत. ग्रीकमधला ‘थर्मोस’, म्हणजे उष्ण, हा घर्माचा सख्खा चुलतभाऊ. त्यामुळं थर्मामीटर, चहाचा थर्मास आणि कपाळावरचा घाम हे सगळे एका आडनावाचे.

धगीपासून दयेकडं जायला मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागू नये. आपण मायेची ऊब म्हणतोच. दुसऱ्याबद्दल मनात जी ऊब वाटते ती घृणा, असा तो पहिला टप्पा. शकुंतलेच्या ओळीची गंमत इथं पुन्हा लक्षात येते. ज्याच्यात ऊब नाही असा तो, आणि त्याच्यापायी तापली ती.

‘घृत’ म्हणजे तूप, तेही याच धातूचं ना?

पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात ‘घृ क्षरणदीप्त्योः’ असा एकच धातू पाझरणं आणि चमकणं या दोन्ही अर्थांनी दिलेला आहे. त्यामुळं जुने पंडित घृत आणि घृणा एकाच घरात बसवतात. आधुनिक भाषाशास्त्रात मात्र शिंपडण्या-पाझरण्याचा धातू वेगळा आणि धगीचा वेगळा धरतात. घृत पहिल्यातलं, घृणा दुसऱ्यातली. हिंदीचं ‘घी’ घृतापासून आलं. आपण तो शब्द सोडला आणि प्राकृतातल्या ‘तुप्प’वरून ‘तूप’ घेतलं. वरणभातावर काही फरक पडत नाही.

‘घाण’ आणि ‘घृणा’ यांचं नातं आहे का?

नाही. दिसायला शेजारी, पण घरं वेगळी. ‘घाण’ आली ‘घ्राण’वरून. घ्राण म्हणजे वास घेणं, किंवा नाक. घ्राणेंद्रिय हा शब्द शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. नुसता ‘वास’ म्हटलं की आपण घाणेरडा वास समजतो ना, ‘कसला वास येतोय?’ असं नाक मुरडून विचारतो, तशीच घ्राणाचीही अधोगती झाली. वासाचा दुर्गंध झाला आणि दुर्गंधाचा कचरा.

हिंदीतला ‘घिन’ मात्र खरोखरच घृणेचा वंशज आहे, प्राकृतातल्या ‘घिणा’मार्गे आलेला. त्याच्यात दयेचा मागमूस राहिलेला नाही.

असा अर्थ फिरलेले आणखी शब्द आहेत?

आहेत, आणि त्यातला एक तर तुम्ही दिवसातून दहा वेळा वापरता. ‘राग’. संस्कृतात राग म्हणजे रंग, विशेषतः लाली, आणि त्यावरून आसक्ती, प्रेम. अनुरागातला राग तोच, गाण्यातला रागही तोच. मराठीनं ती लाली गालावरून उचलून डोळ्यांत घातली आणि राग म्हणजे संताप झाला. त्यामुळं ‘रागद्वेष’ हा जोडशब्द मराठी माणूस हमखास चुकीचा वाचतो. त्याला वाटतं, संताप आणि वैर. पतंजलीच्या योगसूत्रांत राग आणि द्वेष हे एकमेकांचे विरुद्ध क्लेश, म्हणजे मनाला छळणारे विकार आहेत. सुखाच्या मागं लागतो तो राग, दुःखाच्या आठवणीनं उठतो तो द्वेष. ओढ आणि तिटकारा. प्रवचनाला बसणाऱ्या निम्म्या लोकांचा हा घोटाळा शेवटपर्यंत सुटत नाही, कारण बुवाही सोडवत नाहीत.

‘मत्सर’ हा दुसरा. ऋग्वेदात मत्सर हे सोमरसाचं कौतुकाचं विशेषण आहे. मद आणणारा, झिंग चढवणारा. आज शेजाऱ्याच्या नव्या गाडीपाशी जाऊन तो थांबलाय.

आणि सगळेच शब्द घसरत नाहीत. ‘साहस’ हा धर्मशास्त्रात दांडगाईचा, बळजबरीच्या गुन्ह्याचा शब्द होता. मराठीत त्याला शौर्यपदकं मिळतात.

घृणा, किळस, शिसारी, तिटकारा, वीट, द्वेष, तिरस्कार, चीड… सगळं एकच नाही का?

एकच असतं तर मराठीनं इतकी भांडी मांडून ठेवली नसती. कोशात हे शब्द एकमेकांकडं बोट दाखवतात आणि वाचकाला फिरवत ठेवतात, म्हणून मी कोशाऐवजी क्रियापद बघतो.

किळस *येते*. शिसारी *येते*. वीट *येतो*, उबग *येतो*. म्हणजे हे सगळे पाहुणे, न विचारता येणारे. तुम्ही काही करत नाही, तुम्हाला ते होतं. द्वेष आणि तिरस्कार मात्र *करावा* लागतो. ‘मला त्याचा द्वेष येतो’ असं कोणी म्हणत नाही. द्वेषात तुमचा हात असतो, रोज थोडं पाणी घालावं लागतं. मराठी व्याकरणानं इथं गुपचूप न्यायनिवाडाच करून टाकलाय: किळस आली तर तुमचा दोष नाही, द्वेष केला तर आहे.

आता एकेक. बेसिनची जाळी तुंबलीय, तुम्ही बोट घालून ती उचकटता, आणि साबणाच्या बुळबुळीत केसांचा एक लांबलचक गुंता हाताला लागून वर येतो. ही किळस. अंगावर येते, हात धुतले की बऱ्यापैकी जाते. शिसारी तिच्यापेक्षा खोल जाते, तिच्यात मळमळ आहे, आणि ती कृत्यांचीही येते. म्हाताऱ्या बापाला कोंडून ठेवणाऱ्या मुलाची हकिकत ऐकून किळस आली असं म्हटलं तर जरा हलकं वाटतं, शिसारी आली हे बरोबर.

वीट वेगळाच. वीट यायला आधी ती गोष्ट खूप मिळालेली असावी लागते. लग्नसराईत चार पंक्ती उठवल्या की पाचव्या दिवशी श्रीखंडाचा वीट येतो. श्रीखंडाची किळस नव्हे. पुढच्या महिन्यात तुम्ही ते पुन्हा खाणार आहात. उबग हा विटाचा थकलेला भाऊ, ‘उद्वेग’चं घरगुती रूप. गर्दीचा, प्रवासाचा, बैठकांचा उबग येतो.

तिटकारा मुरलेला असतो. त्याला मळमळ नाही, आरडाओरडा नाही. ‘मला खोटेपणाचा तिटकारा आहे’ हे वाक्य माणूस शांतपणे, चहा पिता पिता बोलू शकतो. ‘आहे’ हे क्रियापद त्याला शोभतं, कारण तो वस्तीला आलेला असतो. चीड याच्या उलट, ती पेटते आणि तिला न्याय हवा असतो. म्हणून अन्यायाची चीड येणं हे मराठीत चांगलं लक्षण मानतात. अन्यायाचा वीट येणं हे तेवढं चांगलं नव्हे, तिथं माणूस घरी गेलेला असतो.

तिरस्काराला उंची लागते. तो वरून खाली केला जातो. द्वेष बरोबरीच्याचाही होतो, वरच्याचाही होतो. आणि द्वेषाला माणूस लागतो. पालीची किळस येते, पालीचा द्वेष करणारा अजून भेटायचाय.

घृणा या सगळ्यात कुठं? किळस आणि तिरस्कार यांच्या मध्ये. पोटातून उठते, पण तिला मत असतं. म्हणूनच ती धड येतही नाही आणि धड करताही येत नाही. ती *वाटते*.

‘मी त्याची घृणा करतो’ हे मराठी बरोबर आहे का?

समजतं, पण मराठी वाटत नाही. हा हिंदीतल्या ‘मैं उससे घृणा करता हूँ’चा उतारा आहे, आणि भाषांतरित मालिकांमुळं बोकाळलाय. हिंदीत घृणा आपल्या द्वेषाच्या जागी वापरतात, म्हणून तिथं ती करता येते. बंगालीतही ती थेट द्वेषापर्यंत पोचलेली आहे. मराठीत ‘मला त्याची घृणा वाटते’ म्हणा, आणि तुम्हाला वैर म्हणायचं असेल तर सरळ ‘मी त्याचा द्वेष करतो’ म्हणा. ज्ञानेश्वरांनी गीतेतल्या ‘अद्वेष्टा सर्वभूतानां’वर लिहिताना ‘जो सर्व भूतांच्या ठायीं । द्वेषातें नेणेंचि कहीं’ असंच लिहिलं. तिथं घृणा बसली नसती.

‘नफरत’ अरबीतून फारसी-हिंदीमार्गे आलेला. बिचकणं, दूर पळणं हा त्याच्या धातूचा भाव. गाण्यात ठीक आहे.

‘जुगुप्सा’ म्हणजे घृणाच का?

जवळची, पण तिची घडण फार सुंदर आहे. ‘गुप्’ म्हणजे राखणं, लपवणं. गुप्त, गोपन यांतला तोच धातू. त्याला ‘सन्’ प्रत्यय लागून ‘जुगुप्स’ होतं; पाणिनीचं त्यासाठी स्वतंत्र सूत्र आहे, ‘गुप्तिज्किद्भ्यः सन्’. स्वतःला जपू पाहणं, म्हणून अंग चोरणं, म्हणून किळस. संस्कृतात जुगुप्सा ज्याची वाटते त्याला पंचमी लागते: ‘पापात् जुगुप्सते’, पापा*पासून*. अंतर ठेवल्याची खूण विभक्तीतच आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना; रंग निळा, देवता महाकाल. नटानं ती कशी दाखवायची तेही सांगितलंय: अंग आखडून घ्यायचं, तोंड वाकडं करायचं, ओकारी, थुंकणं. १८७२मध्ये चार्ल्स डार्विननं माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर पुस्तक लिहिलं, त्यात किळसेचं वर्णन करताना तोही ओकारी आणि थुंकण्यापाशीच आला. बेसिनची जाळी काढणाऱ्या माणसाचं तोंड दोन हजार वर्षांत बदललेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कुलार्णव तंत्रात जिवाला बांधणारे आठ पाश सांगितलेत, त्यात घृणा आणि जुगुप्सा वेगवेगळ्या मोजल्या आहेत. म्हणजे निदान त्या ग्रंथकर्त्याला त्या एक वाटत नव्हत्या.

अर्जुनाला ‘बीभत्सु’ का म्हणतात? तो किळसवाणा होता का?

नाही हो. विराटपर्वात तो उत्तराला आपली दहा नावं आणि त्यांची कारणं सांगतो, त्यात हे येतं. युद्ध करताना मी कधीही बीभत्स कर्म करत नाही, म्हणून मला बीभत्सु म्हणतात. ज्याला किळस *वाटते* तो बीभत्सु. किळस वाटण्याची क्षमता शिल्लक आहे, म्हणून तो काही गोष्टी करणार नाही. मला तर हे नाव ‘निर्घृण’च्या बरोबर समोर मांडावंसं वाटतं.

‘तिरस्कार’चा पडद्याशी संबंध आहे असं वाचलं. खरं का?

खरं आहे. ‘तिरस्’ म्हणजे आड, बाजूला. तिरस्कार म्हणजे आड करणं, नजरेआड टाकणं. ‘तिरस्करिणी’ म्हणजे पडदा; अमरकोशात जवनिकेच्या बरोबरीनं ती आहे. संस्कृत नाटकांतल्या अप्सरा अदृश्य होतात त्या विद्येचंही नाव तिरस्करिणीच. आपल्याकडं एखाद्याला वाळीत टाकतात, त्याच्याकडं बघायचं सोडतात. तिरस्कार इतकाच असतो, शिव्या नंतरच्या.

नावडीच्या शब्दाचा अर्थ लावण्यावरून कधी खटला झालाय का?

झालाय, आणि तो महाराष्ट्राला चांगला माहीत आहे, फक्त या बाजूनं कोणी आठवत नाही. १८९७मध्ये ‘केसरी’तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. १८७०मध्ये दंडसंहितेत आलेल्या कलम १२४-अ मध्ये मुख्य इंग्रजी शब्द होता ‘डिसअफेक्शन’, आणि सगळं त्याच्या अर्थावर अडलं. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की त्याचा अर्थ साधा आहे, ‘अफेक्शन’चा, म्हणजे प्रेमाचा अभाव, आणि पुढं द्वेष, वैर, नावड, तिरस्कार असं सगळं त्यात घातलं. याचा अर्थ सरकारवर प्रेम नसणं हेच गुन्ह्याच्या हद्दीत आलं. ज्यूरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली, सहा युरोपीय एका बाजूला, आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८मध्ये, कलम सुधारून त्यात द्वेष आणि तुच्छता हे शब्द उघडपणे घातले गेले.

१९०८च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी आपल्या लांबलचक भाषणात मराठी मजकुराची इंग्रजी भाषांतरं कशी चुकली आहेत याची चिरफाड केली. मराठी शब्दाला इंग्रजीत जरा जास्त विष चढलं की लेखक सहा वर्षं मंडालेला जातो, हे तेव्हा दिसलं. वरच्या शब्दांतला फरक हा निव्वळ शब्दांचा कीस आहे असं कोणी म्हणालं, की मी हा खटला पुढं करतो.

विदुरनीतीतला ‘घृणी’ म्हणजे दयाळू की द्वेष्टा?

सहा नित्यदुःखी माणसांच्या श्लोकाबद्दल विचारताय. ईर्ष्या करणारा, घृणी, असंतुष्ट, रागीट, सदा संशयी आणि दुसऱ्याच्या नशिबावर जगणारा. भाषांतरकारांत इथं सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो घृणी म्हणजे सगळ्यांना नाकं मुरडणारा, दुसरा म्हणतो अति कनवाळू. शेजारी ईर्ष्या आणि क्रोध बसलेत म्हणून पहिला अर्थ सोपा वाटतो. मी दुसऱ्याकडं झुकतो. ज्याला कोणाचंच दुःख पाहवत नाही, तोही रोज दुःखीच असणार.

लिहायचं कसं? निर्घृण, निघृण की निर्घुण?

‘निर्घृण’. निर् अधिक घृणा. म्हणून घ वर रफार आणि घ खाली ऋकार, दोन्ही हवेत. ‘निघृण’ हे रूप सर्रास छापलं जातं, कारण घाईत रफार गळतो. ‘निर्घुण’मध्ये ऋकाराचा उकार होतो, कारण मराठी तोंडात ऋ ‘रु’ होते आणि एक र आधीच येऊन गेलेला असतो. हिंदी भाषक ‘घ्रिणा’ म्हणतात, आपण ‘घ्रुणा’. उच्चार तसा करा, लिहिताना ‘घ्रुणा’ लिहू नका.

त्या रात्रीच्या मथळ्यातही रफार नव्हता. दया की किळस यावर आमची अर्धा तास हुज्जत झाली, पान गेलं, आणि सकाळी अंक हातात घेतल्यावर दोघांनाही दिसलं: ‘निघृण हत्या’, सहा कॉलमांत.